चाकामागे चाक, शिस्त कुठे?

पावसाळा ओसरला की रविवारी पहाटे पुण्याहून लोणावळ्याकडे किंवा बोपदेव घाटाकडे, नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे, ठाण्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर लाल दिव्यांच्या लुकलुकत्या रांगा दिसू लागतात. त्यात पंचविशीतले अभियंते असतात, पन्नाशीतले डॉक्टर असतात, निवृत्तीनंतर पुन्हा सायकलवर बसलेले आजोबाही असतात. करोनाच्या काळात व्यायामशाळांना टाळे लागले, तेव्हा अनेकांनी सायकल घेतली आणि त्यातल्या कित्येकांनी ती सोडली नाही. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या ‘फिट इंडिया’ मोहिमेने डिसेंबर २०२४ मध्ये साप्ताहिक सायकलफेऱ्या सुरू केल्या. पुढे तो उपक्रम ‘संडेज ऑन सायकल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’च्या निमित्ताने चाकाला चाक लावून धावणारा व्यावसायिक सायकलपटूंचा घोळका लोकांनी आपल्या गावच्या रस्त्यावर उभे राहून पाहिला.

सायकल वाढते आहे, ही आरोग्याच्या दृष्टीने चांगलीच बातमी आहे. पण तिच्यासोबत एक अडचणही वाढते आहे. आपल्यापैकी बहुतेकजण सायकल लहानपणी शिकले, तेही तासावर भाड्याने आणलेल्या सायकलवर, हाफ पेडल मारत, गुडघे फोडून घेत. ते शिक्षण एकट्याने सायकल चालवण्याचे होते. ताशी तीस किलोमीटर वेगाने, पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर, शेजारी आणखी एक सायकल आणि पाठीमागे दहा सायकली असताना कसे चालवायचे, हे आपल्याला कोणीच शिकवलेले नाही. हे वेगळे कौशल्य आहे. त्याचे जे नियम आहेत, त्यांना ‘ग्रुप राइडचे शिष्टाचार’ असे सौम्य नाव मिळाल्यामुळे ते पाळले तर बरे, नाही पाळले तरी चालते, असा समज झाला आहे. प्रत्यक्षात त्यातल्या जवळजवळ प्रत्येक नियमामागे भौतिकशास्त्र किंवा शरीरशास्त्र आहे.

वाऱ्याचा हिशेब

सायकलस्वार एकमेकांना चिकटून का जातात, याचे उत्तर हवेत आहे. सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या आसपास वेग असेल, तर सायकलस्वाराचे सुमारे ऐंशी टक्के श्रम हवा बाजूला सारण्यात खर्च होतात. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि तो भेदायला लागणारी शक्ती आठपट. पुढच्या सायकलच्या मागे नीट राहिले तर हा भार हलका होतो. साधारण पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन तंत्रज्ञान विद्यापीठाचे बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास संगणकावर आणि वातबोगद्यात केला. घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला जाणवणारा हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या तुलनेत अवघा पाच ते दहा टक्के असल्याचे त्यात आढळले.

हा आकडा व्यावसायिकांच्या दाट घोळक्याचा आहे. आपल्या दहाजणांच्या गटाला इतका फायदा मिळत नाही. तरीही जो मिळतो, त्याचा आरोग्याशी थेट संबंध आहे. एकाच गटात, एकाच वेगाने जाताना सर्वांत पुढच्याचे हृदय जोरात धडधडत असते आणि पाचव्या क्रमांकावरचा निवांत गप्पा मारत असतो. त्या पाचव्याला वाटते, आज पाय छान चालताहेत. त्याची पुढे यायची पाळी येते, तो उत्साहाने वेग वाढवतो, मागचे ताणले जातात, रांग तुटते आणि दोन किलोमीटरनंतर तो स्वतःच गळपटतो. म्हणून पुढे येणाऱ्यासाठी पहिला नियम असा, की वेग बदलू नका. वेग पूर्वीइतकाच ठेवला तरी श्रम आपोआप वाढणार असतात. दमण्याआधी, मागे नीट पाहून, बाजूला व्हा आणि हलके पेडल मारत रांगेच्या शेवटी जा. पुढे किती वेळ राहिलो, यात मोठेपणा काही नाही.

चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी तर हे अधिकच लक्षात ठेवायला हवे. गटाचा वेग आपल्या प्रकृतीने ठरलेला नसतो. सोपी कसोटी आहे. सलग एक-दोन वाक्ये बोलता येत असतील, तर श्रम मध्यम आहेत. शब्दाशब्दाला धाप लागत असेल, तर गट आपल्याला झेपणारा नाही. अशा वेळी मागे पडण्यात कमीपणा मानू नये. छातीत दाब, अचानक घेरी किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली, तर तिथेच थांबून सोबत्यांना सांगावे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि आपल्याला मधुमेह आहे हे गटातल्या किमान एकाला सांगून ठेवावे. साखर उतरलेल्या माणसाची सायकल आधी झोकांड्या खाऊ लागते. मागच्याला ती बेफिकिरी वाटू शकते.

हातभर अंतराचे गणित

वाऱ्याचा फायदा घ्यायचा तर जवळ राहावे लागते, आणि जवळ राहिले की सुरक्षिततेचे नेहमीचे गणित मोडते. ताशी तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटरहून थोडे अधिक. अनपेक्षित अडथळा दिसणे, तो मेंदूला उमगणे आणि बोटांनी ब्रेक दाबणे याला सुमारे एक सेकंद लागतो. तोवर सायकल आठ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, उत्तम ब्रेक असले, तरी थांबायला आणखी सातेक मीटर लागतात. याहून फार जोरात पुढचा ब्रेक दाबला तर मागचे चाक उचलू लागते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. म्हणजे एकूण पंधरा मीटर. आणि आपण पुढच्यापासून असतो एक मीटरवर!

याचा अर्थ साफ आहे. गटात सायकल चालवणारा माणूस स्वतःच्या प्रतिक्रियेवर विसंबून नसतो. पुढचा अचानक काही करणार नाही, या भरवशावर तो असतो. म्हणूनच पुढच्याने विनाकारण ब्रेक मारणे, पेडल मारणे एकदम थांबवणे किंवा खड्डा चुकवण्यासाठी शेवटच्या क्षणी हिसका देणे हा मागच्यांचा विश्वासघात ठरतो. घाटात उभे राहून पेडल मारतानाही तेच. माणूस बैठकीवरून उठतो, तेव्हा त्याची सायकल क्षणभर मागे आल्यासारखी होते आणि मागच्याचे चाक टेकते. उठण्याआधी ‘उठतोय’ एवढे म्हणावे आणि उठताना पेडलवरचा जोर कायम ठेवावा.

पुढच्याची लहानशी चूक मागे जाताना मोठी का होते, हे जपानमधल्या एका प्रयोगातून समजते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ मोटारी सोडल्या. सर्वांना सांगितले होते, की ताशी तीसच्या आसपास एकसारखा वेग ठेवा. रस्त्यात कोणताही अडथळा नव्हता. तरीही थोड्याच वेळात वाहतूक तुंबली. एकाने जरा वेग कमी केला, मागच्याने त्याहून अधिक, त्यामागच्याने त्याहूनही अधिक, असे करत काही गाड्या चक्क उभ्या राहिल्या. सायकलींच्या रांगेतही असेच घडते. पहिल्याने पेडल मारणे क्षणभर थांबवले, तर दहाव्याला करकचून ब्रेक लावावा लागतो. यावर उपाय दोन. नजर पुढच्याच्या चाकावर न खिळवता त्याच्या खांद्यावरून पलीकडे, दोन-तीन सायकली पुढे ठेवायची. आणि नवख्यांनी अंतराचा मोह सोडायचा. सुरुवातीला दोन-तीन सायकलींच्या लांबीचे अंतर ठेवले, तर वाऱ्याचा फायदा थोडा कमी मिळतो, पण चुकीला जागा राहते.

दुसरी धोक्याची गोष्ट म्हणजे चाकावर चाक चढवणे. म्हणजे आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला, त्याला ओलांडून पुढे नेणे. सायकल तोल सांभाळते ती हँडल सतत किंचित इकडेतिकडे वळवून. आपण ज्या बाजूला कलतो, त्या बाजूला चाक नेऊन ती स्वतःला सावरते. पुढचा डावीकडे सरकला आणि त्याचे मागचे चाक आपल्या पुढच्या चाकाला घासले, की आपले हँडल अडते आणि सावरण्याचा मार्गच बंद होतो. घाबरून आपण हँडल विरुद्ध दिशेला वळवतो. तसे केले की सायकल नेमकी घासणाऱ्या चाकाकडेच कलते. म्हणून अशा धडकेत पुढच्याला बहुतेक वेळा फक्त धक्का जाणवतो, पडतो तो मागचा आणि त्याच्यावर त्यामागचे. पडताना हात टेकला जातो किंवा खांदा आदळतो, त्यामुळे गळपट्टीचे हाड मोडणे ही सायकलपटूंची नेहमीची दुखापत झाली आहे. त्यामुळे एक सवय मुरवून घ्यावी. आपले पुढचे चाक नेहमी पुढच्याच्या मागच्या चाकाच्या मागेच राहील.

बोलणे, खुणा आणि इतर पथ्ये

रांगेतल्या मागच्याला रस्ता दिसत नसतो, तो पुढच्याच्या खुणांनी रस्ता ‘वाचतो’. खड्डा, सांडलेली खडी, रंग उडालेला गतिरोधक, कडेला झोपलेले कुत्रे, हे सारे वेळेत सांगणे हे पुढच्याचे काम आणि तो निरोप मागे पोहोचवणे हे मधल्या प्रत्येकाचे काम. हाताने खूण करता आली तर उत्तम. पण हँडल घट्ट धरण्याची गरज असेल तेव्हा हात काढू नये, तोंडाने सांगावे. आपल्याकडच्या गटांत ‘कार बॅक’, ‘होल’ असे इंग्रजी पुकारे रुळले आहेत. ‘मागे गाडी’, ‘खड्डा डावीकडे’ असे सर्वांना कळणारे शब्द निघण्याआधीच ठरवून घेतले, तर नव्या माणसाला अर्थ लावत बसावे लागत नाही. प्रत्येक बारीक दगडासाठी ओरडणेही टाळावे. सतत ओरडा झाला की खऱ्या धोक्याच्या वेळी कोणाचे लक्ष राहत नाही.

बाकीची पथ्ये थोडक्यात. कानात इअरफोन नको. हातात मोबाइल नको, पुढच्याचा व्हिडीओ तर मुळीच नको. ट्रायथलॉनसाठी हँडलवर बसवलेल्या लांब दांड्यांवर कोपरे टेकून गटात जाऊ नये, कारण त्या वेळी हात ब्रेकपासून दूर असतात. पाणी प्यायचे किंवा नाक शिंकरायचे असेल तर रांगेच्या शेवटी जाऊन. मागचा दिवा हवाच, पण गटात तो मागच्याच्या डोळ्यांवर आदळणार नाही असा मंद आणि स्थिर असावा. फक्त शेवटच्याचा दिवा प्रखर असावा. पंक्चर झाले किंवा चहाची टपरी दिसली तरी आधी हात वर करून सांगावे, मग हळू होत डांबरी रस्त्यावरून पूर्ण खाली उतरावे. फोटोसाठी वळणावर अर्धा रस्ता अडवून उभे राहणाऱ्या गटाला मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाने शिव्या घातल्या, तर दोष चालकाचा नाही.

हेल्मेटबद्दल अजूनही वाद घातला जातो. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जेक ऑलिव्हियर आणि प्रूडन्स क्रेटन यांनी ४० अभ्यासांतील ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण केले होते. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे निम्मी आणि गंभीर इजेची शक्यता जवळपास ७० टक्क्यांनी कमी आढळली. मात्र हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट बसलेला हवा, आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलायला हवे. आतला फोम एकदाच धक्का झेलण्यासाठी असतो.

जोडीने की एकामागे एक?

सायकलस्वार आणि मोटारचालक यांच्यात सर्वाधिक खटके उडतात ते या प्रश्नावर. शेजारी शेजारी दोघांनी जाणे म्हणजे मुजोरी, असे गाडीवाल्यांना वाटते. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये जानेवारी २०२२ पासून झालेल्या बदलांनी यावर समतोल भूमिका घेतली आहे. मोठ्या गटात किंवा मुले व नवखे सोबत असताना दोघांनी शेजारी जाणे अधिक सुरक्षित ठरू शकते, असे त्यात म्हटले आहे. मात्र मागच्या वाहनांचे भान ठेवून, सुरक्षित असेल तेव्हा त्यांना पुढे जाऊ देण्याची जबाबदारीही सायकलस्वारांवर टाकली आहे. त्याच वेळी सायकलला ओलांडताना ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात किमान दीड मीटर आणि त्याहून अधिक वेगात आणखी जास्त अंतर ठेवावे, असे चालकांना सांगितले आहे.

यामागचा तर्क सरळ आहे. दहाजण एकामागे एक गेले तर रांग दुप्पट लांब होते आणि ओलांडणारी गाडी तेवढा जास्त वेळ समोरच्या बाजूला राहते. आपले रस्ते, त्यावरचे ट्रक, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी आणि तुटलेल्या कडा पाहता इथे हा नियम जसाच्या तसा चालणार नाही. रुंद, मोकळ्या रस्त्यावर पहाटे जोडीने जायला हरकत नसावी. घाटात, पुलावर, अरुंद रस्त्यावर आणि मागे गाडी आल्याचा पुकारा होताच एकामागे एक व्हावे. तिघे शेजारी मात्र कधीच नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीस-चाळीस जणांचा एकच तांडा काढू नये. सहा ते आठजणांचे छोटे गट करून दोन गटांमध्ये एखादी मोठी गाडी आत शिरू शकेल एवढी जागा ठेवावी. प्रत्येक गटात एक जाणता पुढे आणि एक शेवटी असावा, आणि शेवटच्याच्या मागे कोणी राहू नये.

शिस्तीने सगळे सुटत नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गटाची शिस्त गटातल्या अपघातांपासून वाचवते. भरधाव गाडीपुढे ती हतबल असते. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईतील पाम बीच मार्गावर सोबत्यांसह सायकल चालवणारे अवतार सैनी टॅक्सीच्या धडकेत मृत्युमुखी पडले. इंटेलच्या ३८६, ४८६ आणि पेंटियम या चिप घडवणाऱ्यांपैकी ते एक. वय ६८. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यात सायकलस्वार होते ४,८०० हून अधिक. यातले सगळे जर्सी घालून फिरायला निघालेले हौशी नव्हेत. गटात न जाणारे, दिवा किंवा हेल्मेट न परवडणारे कामगार, दूधवाले आणि शाळकरी मुलेही सायकलवरच असतात. त्यांना ग्रुप राइडच्या शिष्टाचाराचा उपयोग नाही. त्यांना वेगावर नियंत्रण, उजेड आणि मोटारी उभ्या न केलेला सायकल मार्ग हवा आहे. सायकल क्लबांचा शहरात आवाज आहे. तो त्यांनी या लोकांसाठीही वापरायला हवा.

अपघात झालाच, तर काय करायचे हे प्रत्येक गटाने आधी ठरवलेले असावे. प्रत्येकाकडे नाव, रक्तगट आणि घरचा फोन क्रमांक लिहिलेला कागद असावा, कारण मोबाइल कुलूपबंद असतो. पडलेल्याभोवती गर्दी करण्याआधी दोघांनी मागे जाऊन येणारी वाहने हळू करावीत. मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल, आणि जागा सुरक्षित असेल, तर त्याला उचलून बसवू नये, हेल्मेटही ओढून काढू नये. श्वास चालू आहे ना, याकडे लक्ष ठेवत १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. डोके आपटल्यावर गोंधळल्यासारखे होणे, मळमळणे, तोच प्रश्न पुन्हा विचारणे ही मेंदूला मार बसल्याची लक्षणे आहेत. ‘मी ठीक आहे’ असे तो म्हणाला तरी त्याला पुन्हा सायकलवर बसू देऊ नये. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातील जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनाशुल्क उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे. सायकलला सायकल घासून पडलेल्याला मात्र ती मिळत नाही. नियमित गटात जाणाऱ्यांनी वैयक्तिक अपघात विमा घ्यावा, तो यासाठी.

मैदानावरचा अर्धा तास

मग हे शिकायचे कुठे? पोहण्याच्या तलावात नवख्याला थेट खोल पाण्यात कोणी सोडत नाही. सायकल क्लबात मात्र नवा सदस्य पहिल्याच रविवारी महामार्गावर येतो. रिकाम्या मैदानावर अर्ध्या तासाचा सराव पुरेसा उपयोगी पडतो. आखलेल्या रेषेवरून सरळ चालवणे, रेषा न सोडता मागे वळून पाहणे, एका हाताने चालवत खूण करणे, दोन्ही ब्रेक तोलून लावत ठरलेल्या जागी थांबणे, जोडीदाराच्या शेजारी खांद्याला खांदा लावून हळू जाणे. हे जमल्याशिवाय मोठ्या राइडला प्रवेश नाही, असा नियम क्लबांनी करायला काय हरकत आहे?

वेगाचा दबाव आपण स्वतःच निर्माण केला आहे. दीर्घ पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ राइडमध्ये २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. थांबे धरूनही ताशी पंधरा किलोमीटरच्या आतला वेग पुरतो. तिथे क्रमांकही काढत नाहीत. नाशिकहून शेकडो सायकलस्वार आषाढीच्या आधी पंढरपूरची सायकलवारी करतात, त्यातही पोहोचणे महत्त्वाचे, आधी पोहोचणे नव्हे. एकत्र चालण्याची शिस्त आपल्याला परकी नाही. दिंडीत पताका कुठे, टाळकरी कुठे, विणेकरी कुठे हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि चोपदाराने दंड उंचावला की एवढा मोठा समुदाय शांत होतो.

पुढच्या रविवारी निघण्याआधी पाच मिनिटे थांबून गटाने तीन गोष्टी मोठ्याने ठरवाव्यात. आजचा वेग किती, खुणा कोणत्या आणि सर्वांत मागे कोण राहणार. आणि नव्याने आलेल्याला नाव विचारताना हेही विचारावे, की गटात याआधी चालवली आहे का. ‘नाही’ म्हणाला तर जाणत्याने त्या दिवशी त्याच्यासोबत राहावे. त्या रविवारी जाणत्याचा वेग थोडा कमी होईल, एवढेच.